दारावरची वही

‘प्रॉक्सी’ हा शब्द महाविद्यालयात शिकवणाऱ्यांना नवा नाही. हजेरी घेताना एक क्रमांक पुकारला जातो, मागच्या बाकावरून ‘येस सर’ असा आवाज येतो, आणि तो आवाज त्या क्रमांकाच्या धन्याचा नसतो. मुले याला ‘प्रॉक्सी लावणे’ म्हणतात. जुन्या कचेरीच्या मराठीत यासाठी ‘मुखत्यार’ असा भारदस्त शब्द होता. दुसऱ्याच्या वतीने बोलणारा, सही करणारा, व्यवहार करणारा तो मुखत्यार. संगणकांच्या जाळ्यातली प्रॉक्सी ही याच कुळातली. फरक एवढाच की वर्गातली प्रॉक्सी गैरहजर मुलाला हजर दाखवते, तर जाळ्यातली प्रॉक्सी हजर असलेल्या माणसाला पडद्याआड ठेवते.

या पडद्याविषयी सुशिक्षितांतही एक ढोबळ समज आढळतो. आपण फायरवॉलच्या किंवा प्रॉक्सीच्या मागे आहोत, बाहेर दिसतो तो पत्ता आपला नाही, म्हणजे आपण निनावी आहोत, असा तो समज. साहित्याच्या अभ्यासकांना निनावीपणाचा प्रश्न परका नाही. टोपणनावे, निनावी पत्रके, कर्तृत्वाचे वाद यांवर आपण तास घेत असतो. म्हणूनच या समजाची ऐतिहासिक छाननी करावी, असे आम्हांला वाटले. ती करताना दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली अशी की, व्यक्तीचा पत्ता लपवणे हा ही साधने घडवणाऱ्यांचा मूळ हेतू नव्हताच. तो भीतीचा आणि टंचाईचा आनुषंगिक परिणाम होता. दुसरी अधिक महत्त्वाची. पत्ता लपला म्हणून नाव पुसले जात नाही. ते दारावर बसलेल्याच्या वहीत जाते. निनावीपणाचा इतिहास हा वस्तुतः त्या वहीचा इतिहास आहे.

प्रथम पत्त्याविषयी. इंटरनेटवरून जाणारा मजकूर लहान लहान पाकिटांत विभागून पाठवला जातो, आणि प्रत्येक पाकिटावर दोन पत्ते असतात, घेणाऱ्याचा आणि पाठवणाऱ्याचा. पाठवणाऱ्याचा पत्ता तेथे असतो तो कोणावर पाळत ठेवण्यासाठी नव्हे, तर उत्तर कोठे धाडायचे हे कळावे म्हणून. सप्टेंबर १९८१ मध्ये या पत्त्यांची जी रचना नक्की झाली, तीत पत्त्यासाठी ३२ अंक ठेवले होते, प्रत्येक अंक शून्य किंवा एक. अशा मांडणीतून ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते निघतात. काही शे यंत्रांचे जाळे सांभाळणाऱ्या त्या मंडळींना हा आकडा जन्मभर पुरून उरेल असा वाटला असल्यास नवल नाही. १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेतील आर्पानेट या रचनेवर चालू लागले.

आज विसरली गेलेली एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. हा पत्ता आरंभापासून यंत्राचा होता, माणसाचा नव्हता. त्या काळच्या विद्यापीठांत एका मोठ्या संगणकावर अनेक जण एकाच वेळी काम करत. त्या सर्वांचा बाहेर दिसणारा पत्ता एकच असे, आणि कोणत्या घटकेला कोण काम करत होते याची नोंद त्या यंत्राच्या व्यवस्थापकापाशी असे. आपल्याकडेही याचा अनुभव अनेकांनी घेतला आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह देशातील मोजक्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेटसेवा सुरू केली. तीत ‘शेल’ नावाचे स्वस्त खाते मिळे. घरचा संगणक दूरध्वनीवरून निगमाच्या यंत्राला जोडायचा आणि काळ्या पडद्यावर केवळ अक्षरे वाचायची, असा तो प्रकार होता. घरच्या संगणकाला स्वतःचा पत्ताच नसे. जगाला दिसे तो निगमाच्या यंत्राचा पत्ता. दादरचा विद्यार्थी आणि विलेपार्ल्याचे निवृत्त गृहस्थ बाहेरच्यांच्या लेखी एकाच दारातून येत. त्यांची नावे मात्र निगमाच्या कार्यालयात, भरून दिलेल्या अर्जांत सुखरूप होती. एक माणूस, एक यंत्र आणि एक कायमचा पत्ता, अशी जी स्थिती आपण मूळची मानतो, ती प्रत्यक्षात फार थोड्या काळापुरती आणि फार थोड्यांच्या वाट्याला आली.

मग भिंत उभी राहिली ती कशासाठी? २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने सोडलेला एक स्वयंप्रसारी प्रोग्राम आपसूक एका यंत्रातून दुसऱ्यात शिरत गेला आणि हजारो संगणक त्याने ठप्प केले. तोवर हे जाळे वाड्यासारखे होते. दारे उघडी, येणारा-जाणारा ओळखीचा. त्या घटनेनंतर दाराला कडी हवी हे सर्वांना पटले. ‘फायरवॉल’ हा शब्द बांधकामातला आहे. एका घराची आग शेजारच्या घराला लागू नये म्हणून मध्ये बांधायची जाड भिंत, असा त्याचा मूळ अर्थ. बेल लॅब्जमधील बिल चेस्विक यांनी १९९० मध्ये आपल्या संस्थेच्या प्रवेशद्वाराची रचना एका निबंधात मांडली. स्टीव्हन बेलोविन यांच्यासह त्यांनी १९९४ मध्ये लिहिलेले पुस्तक या विषयाचे आद्य पाठ्यपुस्तक ठरले. या रचनांत बाहेरचा संबंध येई तो दारातल्या एका यंत्राशी. आतल्या शेकडो यंत्रांशी बाहेरच्यांनी थेट बोलायचे नाही आणि आतल्यांनीही बाहेर बोलायचे ते या मध्यस्थामार्फत.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण बोलताना तो नेहमी पुसला जातो. निव्वळ फायरवॉल पत्ता लपवतेच असे नाही. साधी फायरवॉल देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखी असते. ती पाकीट पाहते आणि आत सोडते किंवा अडवते. पाकिटावरचे अक्षर ती बदलत नाही. पत्ता बदलतो तो मुखत्यार. आतला माणूस त्याला सांगतो, ‘अमुक ठिकाणचे अमुक पान आणून दे.’ मुखत्यार ते स्वतःच्या नावाने मागवतो, आलेले पान आतल्याच्या हाती देतो. पान देणाऱ्याला मुखत्याराचाच पत्ता ठाऊक असतो.

जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेब जन्मले, आणि तेथल्याच सर्व्हरमध्ये अशा मुखत्याराची सोय झाली. आरि लुओटोनेन आणि केविन अल्टिस यांनी १९९४ मध्ये त्याविषयी निबंध लिहिला. त्यांच्यापुढची अडचण सरळ होती. भिंतीच्या आत बसलेल्या संशोधकाला बाहेरचे वेब दिसावे कसे? दुसरा लाभ काटकसरीचा होता. एकाने मागवलेले पान मुखत्याराने जपून ठेवले की दुसऱ्याला ते घरातूनच देता येई आणि महागड्या तारेवरचा भार वाचे. पत्ता झाकला जाणे हा या दोन्ही उद्दिष्टांच्या मागून आलेला परिणाम. मुखत्याराला ते झाकण तितकेसे प्रियही नव्हते. पुढे स्क्विड या लोकप्रिय प्रॉक्सीच्या कर्त्यांनी अशी प्रथा पाडली की, मागणी पुढे पाठवताना ती मुळात आतल्या कोणत्या पत्त्यावरून आली हे मुखत्याराने समासात लिहून द्यावे. अनेक मुखत्यार ते इमानाने लिहीत. म्हणजे मुखत्यार गाठला एवढ्याने भागत नाही. तो समासात काय लिहितो, हेही पाहावे लागते.

आता टंचाईकडे वळू. नव्वदीच्या आरंभीच कळून चुकले होते की सव्वाचारशे कोटींचा तो साठा पुरणार नाही, कारण पत्त्यांचे मोठमोठे गठ्ठे काही संस्थांना आरंभी उदारहस्ते वाटले गेले होते. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी यावर एक तोडगा प्रसिद्ध केला. आद्याक्षरांवरून त्याला ‘नॅट’ म्हणतात. मराठीत पत्तापालट म्हणता येईल. त्याचे आज घरोघरी चालणारे रूप समजायला गिरगावातली एखादी चाळ डोळ्यांपुढे आणावी. चाळीला पोस्टाचा पत्ता एकच. आत खोल्या शंभर. पाचव्या खोलीतून पत्र निघाले की दारावरचा मुनीम पाकिटावरचा ‘खोली ५’ हा मजकूर खोडतो, चाळीचा पत्ता घालतो, सोबत एक टोकन-क्रमांक लिहितो आणि आपल्या वहीत टिपतो : अमुक टोकन, खोली ५. उत्तर येते ते चाळीच्या पत्त्यावर, त्या टोकनासह. मुनीम वही उघडतो आणि उत्तर पाचव्या खोलीत पोचवतो. या टोकनाला तंत्रभाषेत पोर्ट म्हणतात, आणि एका पत्त्यामागे असे ६५ हजार ५३६ क्रमांक असू शकतात. व्यवहार थंडावला की मुनीम ती ओळ खोडून टोकन दुसऱ्याला देतो.

प्रत्येक चाळीत खोली ५ असते आणि त्यामुळे कोणाचा घोटाळा होत नाही, हे या योजनेचे मर्म. फेब्रुवारी १९९६ मध्ये अशा ‘आतल्या’ क्रमांकांचे तीन गट कायमचे राखून ठेवले गेले. आपल्या घरच्या राउटरवर दिसणारा १९२.१६८ ने सुरू होणारा क्रमांक त्यांतलाच. जगात तो कोट्यवधी घरांत एकाच वेळी नांदत असतो, म्हणून बाहेर त्याला काडीचा अर्थ नाही.

१९९४ च्या त्या मसुद्यातील एक तपशील आम्हांला फार बोलका वाटतो. कर्त्यांनी ही योजना अल्पकाळाची सोय म्हणून मांडली होती, आणि ती कायमची का असू नये हे सांगण्यासाठी तिच्या दोषांची यादीही दिली होती. त्या यादीत एक दोष असा नोंदवला आहे की, या योजनेने यंत्राची ओळख लपते. त्यात खाजगीपणाचा लाभ असला तरी एकूण परिणाम अनिष्टच, असा त्यांचा अभिप्राय आहे. आज ज्याला आपण आपला पडदा समजतो, तो शोधणाऱ्यांच्या वहीत वजाबाकीच्या रकान्यात मांडलेला होता! आणि अल्पकाळाची ती सोय तीन दशके उलटली तरी चालूच आहे.

अनेकांनी एक दार वापरण्याचा परिणाम कोठवर जातो, याचे टोकाचे उदाहरण कतारचे. त्या देशातले बहुतेक सर्व इंटरनेट एकाच कंपनीच्या प्रॉक्सीतून बाहेर पडे. २००७ सालाच्या उंबरठ्यावर विकिपीडियावर त्या पत्त्यावरून खोडसाळपणा झाला आणि एका व्यवस्थापकाने नेहमीच्या रिवाजाप्रमाणे तो पत्ता अडवला. काही तास कतारमधून निनावी संपादन बंद पडले. अडवणाऱ्याला वाटले होते, एक खोडकर मुलगा वर्गाबाहेर काढला. बाहेर गेला होता सारा वर्ग.

येथवरचा इतिहास यंत्रांचा झाला. परंतु ‘बाहेर दिसणारे नाव मध्यस्थाचे आणि खरे नाव त्याच्या वहीत’ ही व्यवस्था मराठी साहित्याच्या अभ्यासकाला नवी वाटण्याचे कारण नाही. सरकारी नोकरीत असलेल्या गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये पत्रे लिहिली ती ‘लोकहितवादी’ या नावाने. वाचकांपुढे होते ते पत्राचे नाव आणि ती सही. राज्यकर्त्यांनीही या प्रश्नाचे उत्तर लेखकाच्या दारात शोधले नाही. १८६७ चा पंचविसावा कायदा पाहावा. छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर व पत्रावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ, आणि प्रकाशित होत असल्यास प्रकाशकाचे नाव व स्थळ स्पष्ट छापले पाहिजे, असा त्याचा दंडक होता. लेखकाच्या नावाची सक्ती त्या कलमात नाही. लेखक खुशाल टोपणनाव घेवो, छापखाना कोणाचा ते आम्हांला कळले म्हणजे झाले, ही त्यामागची दृष्टी. नियतकालिकाच्या मुद्रकाला व प्रकाशकाला मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्र करावे लागे, आणि ते खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून चाले.

ही दृष्टी कशी लागू पडली, ते १८९७ ने दाखवले. १५ जूनच्या ‘केसरी’त ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता टोपणसहीने आली होती, सोबत शिवाजी उत्सवातील भाषणांचा वृत्तान्त होता. राजद्रोहाचा खटला उभा राहिला तो बाळ गंगाधर टिळक आणि मुद्रक केशव महादेव बाळ यांच्यावर. मुद्रक सुटले, टिळकांना अठरा महिने सक्तमजुरी झाली. टोपणसहीमागचा कवी पडद्याआड राहू शकला, कारण वार झेलायला पडद्यापुढे कोणी उभे होते. मुखत्यारी ही केवळ सोय नाही, ती जबाबदारी आहे, एवढे यातून दिसते.

संगणकयुगात ही जबाबदारी एका व्यक्तीने अंगावर घेतल्याचे उदाहरण फिनलंडमधले आहे. हेलसिंकीच्या योहान हेल्सिंगियस यांनी १९९३ च्या सुमारास ‘अ‍ॅनन डॉट पेनेट डॉट फाय’ ही सेवा चालू केली. कोणीही तिच्याकडे पत्र पाठवावे. ती त्यावरचे नाव-पत्ता काढून एक क्रमांक देई आणि पत्र पुढे धाडी. उत्तर त्या क्रमांकावर आले की ते मूळ लेखकाकडे पोचे. उत्तर पोचवायचे म्हणजे कोणता क्रमांक कोणाचा, याची वही ठेवणे आले. पाच लाखांहून अधिक लोकांची नावे त्या वहीत जमा झाली. आजार, अत्याचार, राजकीय छळ अशा विषयांवर ज्यांना स्वतःच्या नावाने लिहिणे शक्य नव्हते, असे पुष्कळ जण त्यांत होते. साऱ्यांचा भरवसा एका माणसावर होता. आणि त्या माणसाने तो मोडला नाही. तो मोडायला लावला गेला. फेब्रुवारी १९९५ मध्ये सायंटॉलॉजी पंथाच्या तक्रारीवरून फिनिश पोलीस आदेश घेऊन दारात आले. सगळी वही जप्त होऊ नये म्हणून हेल्सिंगियस यांनी त्यांना एक नाव काढून दिले. गंमत अशी की, हाती आलेला पत्ता पुन्हा दुसऱ्याच एका दाराचा निघाला. तो अमेरिकेतील एका संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांच्या यंत्रावरचा होता. ऑगस्ट १९९६ मध्ये त्याच पंथाच्या दुसऱ्या प्रकरणात न्यायालयाने नाव सांगण्याचा आदेश दिला, आणि ३० ऑगस्टला हेल्सिंगियस यांनी सेवा बंद करत असल्याचे जाहीर केले. वही सुरक्षित ठेवता येत नसेल तर ती चालवूच नये, असा तो निर्णय होता.

या पेचावरचे उत्तर खरे तर आधीच लिहून झालेले होते. डेव्हिड चॉम यांनी १९८१ मध्येच एका निबंधात सुचवले होते की मध्यस्थ एक नसावा, अनेक असावेत. पत्र पाकिटात पाकीट अशा रीतीने बंद करावे. प्रत्येक मध्यस्थाने आपल्यापुरते एक आवरण फोडावे आणि पुढच्याकडे द्यावे. पत्रे आली त्या क्रमाने न सोडता ढीग करून, क्रम बदलून सोडावीत. असे केले की पहिल्याला पाठवणारा ठाऊक, शेवटच्याला घेणारा ठाऊक, पण दोन्ही नावे कोणाच्याच वहीत शेजारी-शेजारी येत नाहीत. याच विचाराची जलद चालणारी आवृत्ती अमेरिकी नौदलाच्या संशोधनशाळेत नव्वदीच्या मध्यास ‘कांद्याच्या पाकळ्यां’च्या नावाने आकाराला आली, आणि तीतून पुढे २००२ मध्ये ‘टॉर’ निघाले. टॉरमध्ये पाकीट साधारणतः तीन टप्प्यांतून जाते.

नौदलाने हे साधन जगाला मोकळे का केले, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर निनावीपणाच्या स्वभावात आहे. टॉर केवळ नौदल वापरू लागले असते तर त्यातून बाहेर पडणारे प्रत्येक पाकीट नौदलाचे म्हणून ओळखू आले असते. मुखवटा घालणारा एकटाच असेल तर मुखवटाच त्याचे नाव होतो. निनावी राहायला गर्दी लागते, आणि त्या गर्दीत पत्रकार, बंडखोर, हेर, गुन्हेगार आणि निव्वळ लाजाळू माणसे यांना एकमेकांच्या सोबतीने चालावे लागते. या साधनाविषयीचे बहुतेक नैतिक वाद या सक्तीच्या सोबतीतून उद्‌भवतात. टॉरही अभेद्य नाही. पहिला आणि शेवटचा टप्पा एकाच वेळी ज्याच्या नजरेखाली आहे, तो येण्या-जाण्याच्या वेळा जुळवून अंदाज बांधू शकतो.

वही असते तेव्हा ती दोन प्रकारांनी घात करू शकते. एक, मागणाऱ्याला खरे नाव मिळते. दुसरा प्रकार अधिक भयंकर : मागणाऱ्याला चुकीचे नाव मिळते. ऑगस्ट २००७ मध्ये पुणे पोलिसांनी बंगळूरहून एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. ऑर्कुटवर शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह मजकूर टाकल्याचा आरोप होता. मजकूर ज्या पत्त्यावरून आला तो मिळाला होता. तो त्या वेळी कोणत्या ग्राहकाकडे होता, हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने कळवले होते. पत्ता बरोबर होता, त्यापुढचे नाव चुकले होते. वहीतली एक ओळ चुकली आणि ज्याचा त्या मजकुराशी काही संबंध नव्हता, असा माणूस सुमारे पन्नास दिवस तुरुंगात राहिला. या प्रकरणाची चर्चा झाली ती मुख्यतः भावना दुखावण्याच्या अंगाने. आमच्या मते त्यातला खरा धडा पाठचिकित्सेचा आहे. हस्तलिखिताच्या एका प्रतीवरून कर्तृत्व ठरवू नये, लेखनिकाचा प्रमाद गृहीत धरावा, दुसऱ्या पुराव्याचा ताळा पाहावा, हे आपण विद्यार्थ्यांना ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांपासून शिकवतो. दारावरचा मुनीम हाही एक लेखनिकच आहे.

त्यानंतर मुनिमाचे काम अवघडच होत गेले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी पत्त्यांच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे वाटून संपले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागाचा साठाही तळाला गेला. मोबाइल कंपन्यांनी मग चाळींवर चाळ चढवली. घरातला पत्तापालट होताच. त्यावर कंपनीच्या दारात दुसरा पत्तापालट आला आणि परस्परांना अनोळखी असे शेकडो ग्राहक एकाच पत्त्यामागे राहू लागले. आता नुसता पत्ता सांगून कोणाचा पत्ता लागत नाही. टोकन-क्रमांक आणि अचूक वेळ दोन्ही हवीत. जून २०११ च्या एका शिफारशीत सर्व्हरचालकांना तशी नोंद ठेवण्यास सांगितले आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेने ही पद्धत बंद व्हावी अशी जाहीर मागणीच केली.

टंचाईवरचा कायमचा उपाय म्हणजे नवी पत्तारचना. तीत ३२ ऐवजी १२८ अंक असतात. तिच्या आरंभीच्या योजनेत यंत्राच्या जोडणीचा कारखान्यातून आलेला क्रमांकच पत्त्याचा उत्तरार्ध म्हणून बसे, म्हणजे माणूस घरून कचेरीत गेला, तरी त्याच्या यंत्राची खूण तीच राही. हे ध्यानात आल्यावर जानेवारी २००१ मध्ये अधूनमधून बदलणाऱ्या तात्पुरत्या पत्त्यांची सोय सुचवावी लागली. टंचाई होती तोवर पडदा फुकट मिळत होता. विपुलता येताच तो ठरवून विणावा लागला.

कायद्याचे लक्षही पत्त्यावरून वहीकडे वळलेले दिसते. बदलता आयपी पत्ता ही व्यक्तिगत माहिती ठरते काय, या प्रश्नावर युरोपीय संघाच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिलेला निकाल थोडक्यात असा : संकेतस्थळाला तो पत्ता नुसता पाहून माणूस कळत नसेल, पण वही ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून नाव मिळवण्याचा कायदेशीर मार्ग उपलब्ध असेल, तर पत्ता हीही व्यक्तिगत माहितीच. आपल्याकडे २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने निर्देश काढले. व्हीपीएन नावाच्या खाजगी बोगद्याची सेवा जनतेला विकणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, त्याला दिलेले आयपी पत्ते आदी माहिती पाच वर्षे जपावी, असे त्यांत म्हटले आहे. आम्ही वहीच ठेवत नाही, अशी ज्यांची जाहिरात होती, अशा काही परदेशी कंपन्यांनी त्याच वर्षी भारतातली आपली यंत्रे हलवली. १८६७ च्या कायद्याची जागा नियतकालिकांसाठी १ मार्च २०२४ पासून नव्या कायद्याने घेतली. त्याची मूळ दृष्टी मात्र येथे ओळखू येते. लेखक शोधत बसू नका, मुद्रकाला बांधून घ्या.

पत्ता आणि वही दोन्ही नसतानाही माणूस ओळखू येतो का? येतो, शैलीवरून. जुलै २०१३ मध्ये ‘रॉबर्ट गॅलब्रेथ’ या नावामागे जे. के. रोलिंग आहेत हे उघड झाले, तेव्हा संगणकाने केलेली शब्दमोजणी पुष्टीला आली होती. पण मूळ कुणकुण लागली कोठून? लेखिकेच्या वकिली पेढीतल्या एका भागीदाराने ते गुपित आपल्या पत्नीच्या मैत्रिणीला सांगितले होते. येथेही नाव फुटले ते दारावरून.

म्हणून ‘मी प्रॉक्सीमागे आहे’ या वाक्याने काही सिद्ध होत नाही. त्यामागून काही साधे प्रश्न विचारावे लागतात. वही कोण ठेवतो? कामापुरती ओळ लिहून खोडतो, की वर्षानुवर्षे जपतो? कोणी मागितली असता आणि कोणाच्या आदेशाने दाखवतो? आणि त्या वहीतली नोंद चुकली, तर ती चूक सिद्ध करण्याची सोय ज्याचे नाव निघाले त्याला आहे काय? यांतल्या पहिल्या तिहींची उत्तरे निदान करारात, कायद्यात, न्यायनिर्णयांत शोधता येतात. चौथ्या प्रश्नाचे उत्तर त्या अभियंत्याला पन्नास दिवसांनी मिळाले.